दोन मुठी

गेल्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. माझी नात सातवीत शिकते. एके दिवशी सकाळी तिने घरात जाहीर केले की, आजचा शिरा ती स्वतः करणार आणि कोणी मध्ये बोलायचे नाही. पाककृतीचे पुस्तक समोर उघडे ठेवून तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. परंतु थोड्याच वेळात ती पुस्तक हातात घेऊन ओटीवर माझ्याकडे आली.

"आजोबा, यात रवा अडीचशे ग्रॅम, साखर अडीचशे ग्रॅम आणि तूप शंभर ग्रॅम असे लिहिले आहे. आपल्या घरात तराजू नाही. अडीचशे ग्रॅम रवा म्हणजे किती वाट्या?"

"अगं, घाल अंदाजाने दोन-अडीच वाट्या!" तिची आई आतून म्हणाली.

"पण अंदाजाने म्हणजे किती?" नातीने विचारले.

प्रश्न रास्त होता. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी याच प्रश्नाचे उत्तर मी मोठ्या ऐटीत दिले होते आणि ते चुकले होते. त्या चुकीची किंमत मात्र मला द्यावी लागली नाही. ती एका गरीब बाईला द्यावी लागली. मी नातीला म्हणालो, "सांगतो. पण त्याआधी फडताळातले ते लोखंडी भांडे खाली काढ."

तिने ते जड भांडे दोन्ही हातांनी खाली आणले. ती माझ्या आजीची पायली होती.

आमचे घर शिळफाट्याला. ठाण्याजवळ याच नावाचे दुसरे ठिकाण आहे. आमचा शिळफाटा तो नव्हे. आमचा खोपोलीजवळचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. येथून एक रस्ता घाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा मुंबईकडे आणि तिसरा पेणकडे. आज या जिल्ह्याला रायगड म्हणतात. १९८१ पूर्वी तो कुलाबा जिल्हा होता. माझ्या लहानपणी द्रुतगती मार्ग नव्हता. घाट चढण्यापूर्वी मालमोटारी फाट्यावर थांबत, गाडीवान चहा पीत आणि इंजिनात पाणी भरून पुढे निघत. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ सालापासून घाटमाथ्याच्या पाण्यावर चालत आलेले. डोंगरावरून उतरणारे त्याचे प्रचंड नळ आम्हां मुलांना एखाद्या अजगरासारखे वाटत.

फाट्यावर माझ्या वडिलांचे किराणा मालाचे छोटेसे दुकान होते. दुकान पुढे आणि घर मागे. मधल्या दाराच्या एका बाजूला वडिलांचा तराजू टांगलेला असे आणि दुसऱ्या बाजूला, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, आजीची मापे ओळीने मांडलेली असत. त्या एका दाराने दोन राज्ये वेगळी केली होती. दुकानात वजनाचे राज्य, तर घरात मापाचे.

आजीचे माहेर घाटावर, मावळात. तिची मापे तिकडची होती. सर्वांत लहान ते निळवे. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट. म्हणजे एका पायलीत शेर चार, मापटी आठ, चिपटी सोळा, कोळवी बत्तीस आणि निळवी चौसष्ट. आजीला अक्षरओळख नव्हती. पण हा हिशेब तिला श्वास घेण्याइतका सहज येत असे. खाली कोकणात मात्र अर्ध्या शेराला टिपरी म्हणत. गाव बदलले की मापाचे नाव बदले आणि कित्येकदा नाव तेच राहून आकार बदले. म्हणून दुसऱ्या गावच्या माणसाशी व्यवहार करताना, "माप कुठले?" असे आधी विचारण्याची रीत होती.

आजीचा सारा स्वयंपाक मापावर चाले. भाताला किती चिपटी तांदूळ, भाकरीला किती मापटी पीठ, हे तिचे ठरलेले. घरात पाहुणा आला की ती म्हणे, "एक कोळवे वाढवा." एवढेच नव्हे, तर माझी आई लग्न होऊन या घरात आली, ती उंबरठ्यावरचे तांदळाने भरलेले माप ओलांडूनच आली. माप ही आजीच्या दृष्टीने केवळ वस्तू नव्हती. ती घरातली एक वडीलधारी व्यक्ती होती. माप रिकामे असले तरी ती ते कधी पालथे ठेवू देत नसे.

दुकानातले राज्य नवे होते. पूर्वी तेथेही शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक आणि छटाक अशी वजने होती. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण. चांदीचा जुना रुपया बरोबर एक तोळ्याचा असे, म्हणून लोक 'रुपयाभार' हळद मागत. १९५६ साली आपल्या देशात वजनामापांचा कायदा झाला. १९५७ च्या एप्रिलमध्ये रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि ग्रॅम बाजारात आले. मी शाळेत जाऊ लागलो, तोवर दुकानात सरकारी शिक्का मारलेली किलोची वजने स्थिर झाली होती. पण म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी अजून शेरच होता. शाळेत आम्हांला रूपांतराचे कोष्टक पाठ करावे लागे. एक तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, एक शेर म्हणजे ९३३ ग्रॅम आणि एक मण म्हणजे ३७.३२ किलोग्रॅम. ते कोष्टक मला वर्गात सर्वांत आधी पाठ झाले. गुरुजींनी शाबासकी दिली आणि त्या शाबासकीचे वारे माझ्या डोक्यात शिरले.

१९७२ साल उजाडले. त्या वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. देशावर लोकांनी खडी फोडून दिवस काढले. आमच्या भागात तेवढी होरपळ नव्हती, तरी धान्य महागले आणि दुर्मीळ झाले. रेशनच्या दुकानापुढे रांगा लागत आणि तांबडा मिलो घेऊन लोक घरी परतत. अशा दिवसांत मूठभर तांदळालाही मोल आले होते.

डोंगराच्या पायथ्याशी एक आदिवासी वाडी होती. तेथली एक बाई आमच्याकडे नेहमी येत असे. लाकडाची मोळी, रानभाजी, करवंदे असे काही ना काही ती आणी. आम्ही मुले तिला मावशी म्हणत असू. श्रावणात वाडीवर खाण्याचे हाल असतात. जुने धान्य संपलेले असते आणि नवे अजून शेतात उभे असते. त्या श्रावणात मावशीने आजीकडे एक पायली तांदूळ उसने मागितले. आजीने कोनाड्यातली पायली काढली, तांदूळ भरले, वरून तळहात फिरवून सपाट केले आणि मावशीच्या ओटीत घातले. कागद नाही, अंगठा नाही आणि साक्षीदार तर नाहीच.

मी मात्र तेथेच उभा होतो. मी अकरा वर्षांचा होतो आणि दुकानाची उधारीची वही लिहिण्याचे काम वडिलांनी नुकतेच माझ्याकडे सोपवले होते. आजीचे देणेघेणे त्या वहीत येत नसे. पण मी ते आपण होऊन टिपून ठेवले. 'एक पायली' असे लिहिणे मला गावंढळ वाटले. पायली म्हणजे चार शेर आणि एक शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. मी गुणाकार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिले : 'तांदूळ, ३ किलो ७३२ ग्रॅम.'

मार्गशीर्षात भाताची कापणी आणि झोडणी संपली. मजुरीत मिळालेले भात मावशीने कांडले आणि एके दुपारी ती तांदळाचे गाठोडे घेऊन आली. आजी तेव्हा लग्नासाठी माहेरी गेली होती. वडील माल आणायला गेले होते, आई पाण्याला. दुकानावर मी होतो आणि दोन-तीन गिऱ्हाइके होती. मावशीने आतून पायली मागून घेतली. ओट्यावर बसून तिने ती काठोकाठ भरली, तळहात फिरवून सपाट केली आणि माझ्यासमोर टोपलीत ओतली. मग गाठोड्यातून तिने आणखी दोन मुठी तांदूळ काढले आणि टोपलीत टाकले.

मी टोपलीतले तांदूळ तराजूत घातले. ३ किलो ४०० ग्रॅम भरले. मी वही उघडली, वजाबाकी केली आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मावशी, तीनशे बत्तीस ग्रॅम कमी आहेत."

मावशी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मापानं नेलं होतं बाळा, मापानंच आणलंय."

"पण वहीत लिहिले आहे ना!" मी वहीचे पान तिच्यापुढे धरले. तिला वाचता येत नव्हते, हे मला ठाऊक होते.

ती काही बोलली नाही. गिऱ्हाइकांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिले आणि तो किंचित हसला. मावशीने पदर सावरला आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच ती दारात उभी होती. तिच्या पदरात मापटेभर तांदूळ होते. मी ते तोलले. ४१२ ग्रॅम भरले. त्यातले ३३२ ग्रॅम मी ठेवून घेतले आणि उरलेले ८० ग्रॅम तिला परत केले. आपण किती चोख आणि प्रामाणिक व्यवहार केला, असे मला त्या वेळी मनापासून वाटले, हे आज सांगतानाही माझी मान खाली जाते.

चार दिवसांनी आजी परतली. मी मोठ्या उत्साहाने तिला हकीगत सांगितली. तिच्या चेहऱ्यावर कौतुक दिसेल, अशी माझी अपेक्षा होती. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "पायली आण."

तिने आमच्याच कणगीतले तांदूळ पायलीत भरले. तळहात फिरवून सपाट केले. "आता हे तुझ्या तराजूत घाल."

मी घातले. काटा स्थिर झाला. ३ किलो ३०० ग्रॅम!

मी वजने पुन्हा मोजली. तराजूला पासंग तर नाही ना, म्हणून पारड्यांची अदलाबदल करून पाहिली. पुन्हा ३ किलो ३०० ग्रॅम. माझ्या कानशिलांत रक्त चढले.

आजी म्हणाली, "अरे, शेर दोन असतात. एक तराजूचा आणि एक मापाचा. गावात एका नावाची दोन माणसे असतात. म्हणून काय एकाचे कर्ज दुसऱ्याकडून वसूल करायचे? मी दिली ती सपाट पायली होती. तिने आणली तीही सपाट पायली, आणि वर दोन मुठी. उपकाराची आठवण म्हणून घातलेल्या त्या दोन मुठी तुझ्या तराजूत होत्या, पण तुला दिसल्या नाहीत."

माझा गुणाकार बरोबर होता. वजाबाकीही बरोबर होती. चूक झाली होती ती गणिताच्या आधीच. ज्या शेराचे ९३३ ग्रॅम होतात, तो वजनाचा शेर. आजीचा शेर ही जागा होती. त्या जागेत काय भरले आहे, यावर तिचे वजन अवलंबून होते. मी जागेला वजन समजलो आणि ज्या बाईने शंभर ग्रॅम अधिक आणले होते, तिला चारचौघांत कमी आणणारी ठरवले.

त्याच संध्याकाळी आजी मला वाडीवर घेऊन गेली. तांदूळ तिने माझ्या डोक्यावर दिले. ३३२ ग्रॅम नव्हेत. पुरते मापटेभर, आणि वर दोन मुठी. "बोलायचे ते तू बोल," ती वाटेत म्हणाली. मावशी झोपडीपुढे चूल पेटवत होती. मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुधा नीट काही बोलता आलेच नसेल. तिने तांदूळ घेतले, चुलीतल्या राखेत भाजलेला एक कंद माझ्या हातावर ठेवला आणि हसून म्हणाली, "तराजू शिकलास. आता माप पण शिक."

पण आजीचे तेवढ्याने समाधान झाले नाही. "तू तिला उणे बोललास ते दुकानात, लोकांसमोर. झोपडीत मागितलेली माफी दुकानात कशी पोहोचेल?" तिचे म्हणणे खरे होते. गरिबाला उसने मिळते ते त्याच्या शब्दावर. 'ही कमी आणते' असे एकदा पसरले की पुढच्या श्रावणात तिला दार कोण उघडणार? दुसऱ्या दिवशी तीच गिऱ्हाइके आली, तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितले, "मावशीचे माप पुरे होते. उलट दोन मुठी अधिक होते. हिशेब माझा चुकला होता." वाक्ये तीनच, पण पुढे मुख्याध्यापक म्हणून शेकडो सभांत बोलताना मला कधी तेवढे कठीण गेले नाही.

त्यानंतर मला एक नाद लागला. मी आजीचा शेर घेतला आणि दुकानातला एकेक जिन्नस मोजून तोलू लागलो. आधी रिकाम्या मापाचा धडा केला. म्हणजे रिकामे माप एका पारड्यात ठेवून दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचे खडे घातले. भांड्याचे वजन मालात धरले जाऊ नये, म्हणून दुकानदार असा धडा करतात. मला मिळालेला धडा याहून मोठा होता, ते निराळे.

प्रथम शेरात पाणी भरले. ते जवळजवळ एक किलो भरले. म्हणजे आजीचा शेर सुमारे एक लिटरचा होता. मग तोच शेर तांदळाने सपाट भरला, तर ८२५ ग्रॅम. गहू ७८० ग्रॅम, साखर ८५०, रवा ७००, शेंगदाणे ६२० ग्रॅम. चाळलेली कणीक हलक्या हाताने भरली, तर अवघी ५३०. गोडेतेल ९१५, म्हणून तर तेल पाण्यावर तरंगते. पेणचे जाडे पोहे ३७० आणि चुरमुरे पुरते ७५ देखील नाहीत! जाडे मीठ जवळजवळ पाण्याइतके, पण तेच मीठ कुटून बारीक केले की बाराशे ग्रॅमपर्यंत गेले. एकच शेर, एकच जागा. पण चुरमुऱ्यांच्या शेराला मिठाचा शेर सोळापटींनी भारी.

असे का व्हावे? दाण्यादाण्यांत फट असते आणि फटीत हवा असते. आपण माप भरतो, तेव्हा जिन्नस आणि हवा दोन्ही भरतो. खडे मोठे असले की फटी मोठ्या. खडे कुटले की बारीक कण त्या फटी बुजवतात आणि तेवढ्याच जागेत अधिक मीठ मावते. चुरमुऱ्याच्या तर दाण्याच्या पोटातही हवाच. कणकेचे आणखी निराळे. तीच कणीक दाबून भरली किंवा माप दोनदा आपटले, तर शेरामागे शंभर ग्रॅम सहज वाढतात. भिजलेला दाणा, वाळलेला दाणा, लांब दाणा, आखूड दाणा, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. आमच्या शेजारी कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे. अशा ठिकाणी वाणाची पारख करताना मूठ किंवा माप चालत नाही. हजार दाणे मोजून त्यांचे वजन करतात.

मापात आणखी एक खोच असते, ती शिगेची. माप सपाट भरायचे की वर धान्याचा ढीग चढवून शिगोशीग भरायचे? देताना सपाट आणि घेताना शिगोशीग असा व्यवहार करून कित्येकांनी आपले कोठार भरले. माप तेच, पण देणारा हात निराळा आणि घेणारा हात निराळा. सबंध देशाला एकच वजन असावे, असा कायदा का करावा लागला, ते मला त्या दिवशी उमगले. शेर गावागणिक बदलतो. किलो शिळफाट्याला जेवढा, तेवढाच पॅरिसला. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस किलो ठरला, तोही मापातूनच. एक लिटर पाण्याचे वजन तो एक किलो. म्हणजे तराजू आणि माप यांचे भांडण पाण्यापाशी मिटते. पुढे शंभराहून अधिक वर्षे पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा एक ठोकळा हा जगाचा किलो होता आणि २०१९ सालापासून तोही बाजूला ठेवून निसर्गातील एका न बदलणाऱ्या अंकावरून किलो ठरवतात.

माझी यादी मी एका पाटीवर सुवाच्य लिहिली आणि वडिलांनी ती दुकानात टांगली. कोणी म्हातारी 'शेरभर तांदूळ' मागू लागली की वडील विचारत, "मापाचा की वजनाचा?" आणि पाटी पाहून तोलून देत. मावशी फाट्यावर आली की त्या पाटीकडे बोट दाखवी आणि म्हणे, "हे माझ्या तांदळानं शिकवलं."

ही सारी हकीगत ऐकताना नात पायलीच्या काठावरून बोट फिरवीत होती. मी म्हणालो, "आता तुझा शिरा. आधी वाटीची ओळख करून घे."

तिने एक लिटरची बाटली पाण्याने भरली आणि वाटीने मोजली. साडेसहा वाट्यांहून किंचित अधिक पाणी निघाले. म्हणजे वाटी दीडशे मिलिलिटरची. "लिटरभर रवा सातशे ग्रॅम," मी जुन्या पाटीवरचा आकडा सांगितला, "तर वाटीत किती?"

तिने पुस्तकाच्या समासात आकडेमोड केली. वाटीभर रवा १०५ ग्रॅम. तेव्हा अडीचशे ग्रॅमला दोन वाट्या आणि वर पाव वाटीहून थोडा अधिक. वाटीभर साखर सुमारे १२७ ग्रॅम. तेव्हा अडीचशे ग्रॅमला जवळजवळ दोन वाट्या. वाटीभर पातळ तूप १३७ ग्रॅम; तेव्हा शंभर ग्रॅमला पाऊण वाटीला जरा कमी. "म्हणजे रवा आणि साखर वजनाने सारखी, पण वाटीने सारखी नाहीत!" ती उद्गारली. तिच्या आईचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता, हेही तिने प्रांजळपणे कबूल केले. वर्षानुवर्षे हात चालला की हातही माप होतो.

इतके झाले आणि डब्यात साखर एकच वाटी निघाली! नात शेजारच्या काकूंकडे धावली आणि एक वाटी साखर उसनी घेऊन आली. शिरा उत्तम झाला, हे मी आजोबा म्हणून नव्हे, तर खाणारा म्हणून सांगतो.

संध्याकाळी बाजारातून साखर आली. नातीने उसनी आणलेली तीच वाटी घेतली, साखरेने भरली आणि बोटाने सपाट केली. काकूंकडे निघताना ती दारात थांबली, परत आत गेली आणि डब्यातली दोन चमचे साखर तिने वाटीवर अलगद घातली.

मी ओटीवर बसून पाहत होतो. मी काही बोललो नाही. पायली पुन्हा फडताळात ठेवली. पालथी नव्हे, उताणी.